घडणावळ आणि टंच

या लेखाचे निमित्त तसे क्षुल्लक आहे. गेल्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस आमच्या परिसरातील एका महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी उद्योजकतेवर एक दिवसाची कार्यशाळा झाली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण तासिका तत्त्वावर शिकवणारे होते. काहींच्या डोक्यावरचे केस त्याच तत्त्वावर पांढरे झाले होते. दुपारच्या सत्रातील वक्त्यांनी छंदाचे उत्पन्नात रूपांतर कसे करावे हे सांगता सांगता एकाएकी आमच्याकडे बोट केले. ‘या दोघी मराठीच्या प्राध्यापिका. नोकरी सांभाळून हाताने घडवलेल्या चांदीच्या दागिन्यांचा व्यवसाय करतात. मग तुम्हाला काय अडचण आहे?’ सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आम्हीही संकोचून हसलो आणि हात जोडले.

जेऊरला परतताना गाडीत बराच वेळ आम्ही एकमेकींशी बोललो नाही. एका खोट्या खटल्यात आपली साक्ष काढली गेली आणि आपण ‘होय’ म्हणून आलो, असे काहीसे मनात होते. ती साक्ष मागे घेण्यासाठी हे लिहीत आहोत.

आधी वस्तुस्थिती सांगतो. आम्ही दोघी चाळिशीच्या. २००४ साली सोलापूरचे विद्यापीठ स्वतंत्र होण्याआधी या जिल्ह्यातली महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्या काळात आम्ही कोल्हापुरात एकत्र एम.ए. केले. आज एकाच विभागात शिकवतो. आमच्यापैकी एक कायम आहे आणि दुसरी गेली कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर आहे. गुण, पदव्या, नेट-सेट यांत दोघींत फरक नाही. फरक आहे तो जाहिरात कोणत्या वर्षी निघाली आणि भरती कोणत्या वर्षी थांबली एवढाच. जेऊर हे मुंबई-सोलापूर लोहमार्गावरचे, करमाळा तालुक्यातले स्थानक. एका अंगाला उजनीचे पाणी, ऊस आणि केळी. इथे ज्याच्याकडे पाणी पोचले त्याचे बरे आहे, आणि ज्याच्याकडे नाही तो मुलांना शिकवतो. ही मुले आमच्यासमोर वर्गात बसतात.

दागिन्यांचा उद्योग सुरू झाला तो हौसेने नव्हे. उन्हाळ्याच्या सुटीत तासिकांचे मानधन थांबते, आणि सत्र सुरू झाले तरी ते हाती येईपर्यंत कधी दिवाळी उलटते. अशा एका उन्हाळ्यात आमच्यातल्या तासिकावालीने आपले पैंजण मोडीत घातले. मोडीला भाव किती कमी लागतो, हे तिने प्रथमच अनुभवले. गावातल्या ज्या सोनाराकडे ती गेली होती, त्या अण्णांच्या दुकानात आता काचेच्या कपाटात तयार माल असतो. त्यांची ऐरण, फुंकणी आणि मूस मागच्या खोलीत धूळ खात पडलेली. ती मागची खोली पाहायला आम्ही दोघी पुन्हा गेलो, मग पुन्हा गेलो, आणि पुढच्या सुटीत अण्णांनी आम्हांला चांदीची तार ओढायला बसवले.

तार ओढणे म्हणजे काय, हे शब्दांत सांगणे आमच्या पेशाला शोभेल इतके सोपे नाही. पोलादी पट्टीला ओळीने लहान लहान होत जाणारी छिद्रे असतात. चांदीची कांब एका छिद्रातून ओढायची, मग त्याहून बारीक छिद्रातून. दोनतीन ओढींनंतर चांदी ताठरते, तिला ताव द्यावा लागतो. अंधुक लाल दिसू लागली की विझवायची. ताव कमी पडला तर तार तुटते, अधिक झाला तर सुरकुतते. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते, पण दागिन्याला शुद्ध चांदी चालत नाही. ती फार मऊ. म्हणून हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकीचे बहुधा तांबे. असा मिलाफ त्याआधीच वितळू लागतो आणि सांधा जोडायची झाळ त्याच्याही थोडी आधी. झाळ वाहणे आणि अख्खे डूल गोळा होऊन बसणे यांत एका श्वासाचे अंतर असते. पहिल्या महिन्यात आम्ही अकरा डूल वितळवले. टाकणखाराचा वास अजून स्वयंपाकघराच्या पडद्याला आहे.

या कामाने आमच्या अध्यापनावर पहिला घाव घातला तो नरहरी सोनारांच्या बाबतीत. नरहरी पंढरपूरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. ज्या अभंगात ते आपल्या दुकानातली हत्यारे एकेक करून देवाच्या कामाला लावतात, तो अभंग आम्ही दोघींनी मिळून पंचवीसएक वर्षे शिकवला. मूस म्हणजे काय, तर त्रिगुण. हातोडा म्हणजे विवेक. कातर म्हणजे मन आणि बुद्धी. फळ्यावर दोन रकाने आखायचे, एका बाजूला हत्यार, दुसऱ्या बाजूला त्याचा अर्थ, आणि परीक्षेत पाच गुण. रूपकाच्या उजव्या रकान्याविषयी आम्ही बोलत राहिलो. डाव्या रकान्यातली एकही वस्तू आम्ही हातात घेतलेली नव्हती, आणि ती घेतलेली नाही याची खंतही नव्हती. मूस तापलेली असताना तोंडाने फुंकणी सांभाळणारा माणूस श्वास कसा रोखतो, हे कळल्यावर जीव-शिवाची फुंकणी हा अलंकार उरत नाही. त्या माणसाचा दिवस कसा गेला असेल, हे दिसू लागते.

नरहरींची दंतकथाही आम्हांला आता वेगळी दिसते. शैव नरहरी विठ्ठलाचे दर्शन घ्यायचे नाहीत. एका सावकाराने नवस फेडायला देवासाठी कमरेचा करगोटा घडवायला सांगितला, तो एकदा लांब झाला, एकदा आखूड झाला, शेवटी डोळे बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले आणि हाताला शंकर लागला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. हरिहरांचे ऐक्य वगैरे आम्हीही शिकवतो. पण दोनदा परत आलेल्या त्या करगोट्याच्या दुरुस्तीची मजुरी सावकाराने दिली की नाही, याविषयी चरित्रकार मौन बाळगतात. आम्ही हा प्रश्न वर्गात विचारला तेव्हा मुले हसली. हसणाऱ्यांत एक मुलगा सुताराचा होता. तो मात्र हसून झाल्यावर म्हणाला, ‘नसंल दिली, मॅडम. माप चुकलं की आपल्याच अंगावर पडतं.’

इथे साहित्यिक मंडळींचा एक आक्षेप आडवा येतो. तो आम्ही थोडक्यात निकालात काढतो. भाषेच्या प्राध्यापकाने लेखणी टाकून हातोडा धरणे हे आमच्या काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना उतरणीचे लक्षण वाटते. ज्या परंपरेचा आपण वर्गात उदो उदो करतो तिच्यातले सावता महाराज अरणला, म्हणजे इथून जवळच माढा तालुक्यात, मळा करीत होते. गोरोबा मडकी घडवीत होते. नारायण सुर्व्यांनी गिरणीत आणि शाळेत शिपाई म्हणून काम केले. अरुण कोलटकर आयुष्यभर जाहिरातीच्या क्षेत्रात होते. मराठी कविता पगारी मराठी शिक्षकांनीच लिहिली, असा समज फक्त मराठी विभागांच्या कर्मचारीकक्षात टिकून आहे. या तिरस्काराशी आमचे फारसे भांडण नाही. तो जुना आहे आणि निदान उघड आहे. आमचे भांडण कौतुकाशी आहे.

कौतुकाचा शब्द ‘हौस’. आमचे दागिने पाहून पहिले वाक्य येते ते, ‘किती हौस आहे हो तुम्हाला!’ हा शब्द वरवर प्रेमळ आहे, पण तो एकाच झटक्यात किंमत शून्यावर आणतो. हौसेला मोल नसते, आणि हौशीने केलेल्या कामाची मजुरी मागणे असभ्य ठरते. मराठीत या मजुरीला स्वच्छ शब्द आहे: घडणावळ. दळणाची दळणावळ, शिवण्याची शिलाई, तशी घडवण्याची घडणावळ. दुकानाच्या पावतीवर इंग्रजी ‘मेकिंग’ आले आणि हा शब्द मागे पडला. ‘मेकिंगवर पन्नास टक्के सूट’ अशी पाटी आम्ही करमाळ्यापासून पुण्यापर्यंत पाहतो. कापडावर सूट देता येते, साखरेवर देता येते. माणसाच्या हातावर पन्नास टक्के सूट म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या पाटीखाली उभे राहून कोणी विचारत नाही. मराठीत ‘घडणावळ निम्मी’ असे लिहिले असते, तर तो प्रश्न निदान ऐकू आला असता.

आणि ही घडणावळ मोजतात कशी? ग्रॅमवर. चांदीत तर बहुतेक ग्रॅमवरच. आता हिशोब पाहा. समजा दर ग्रॅमला ३० रुपये आहे. साठ ग्रॅमचे जाडजूड कडे आमच्या हाताने तीन तासांत होते. त्याची घडणावळ १८०० रुपये, म्हणजे तासाला ६००. सहा ग्रॅमचे जाळीचे डूल करायला सात तास लागतात. त्याची घडणावळ १८० रुपये, म्हणजे तासाला २५ आणि वर काही पैसे. काम जितके बारीक, जितके डोळ्यांचे आणि बोटांचे, तितकी मजुरी कमी. हा दर कामाचा नाहीच. हा धातू वाहून नेण्याचा हमालीचा दर आहे. बारीक कलाकुसर का संपली याची कारणे आपण यंत्रात, फॅशनमध्ये, परदेशी मालात शोधतो. त्यांतली एक तरी तराजूत शोधायला हवी होती.

त्यात धातूचा भाव चढला. २०२५च्या आरंभी किलोला एक लाखाच्या आत असलेली चांदी त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन लाखांच्या पुढे गेली. सहा ग्रॅमच्या डुलांत आधी साडेपाचशेच्या आसपास चांदी होती ती बाराशेवर गेली. गिऱ्हाइकाची ऐपत मात्र दुप्पट झाली नाही. तेव्हा ती कुठे हात घालणार? चांदीचा भाव मुंबईत, लंडनमध्ये ठरतो, तो जेऊरच्या बाजारात घासाघीस करून उतरत नाही. उतरते ती घडणावळ. चढत्या भावाचा पहिला बळी घडवणारा असतो, हे आम्ही अर्थशास्त्राच्या विभागात बसून कधीच शिकलो नसतो.

मग सोनार जगतो कसा? इथे आम्ही या लेखाच्या मुद्द्याला येतो. उघड न दिलेली घडणावळ टंचातून वसूल होते. टंच म्हणजे चांदीचा कस, शंभरात किंवा हजारात चोख चांदी किती. चांदीच्या दागिन्याचा टंच गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. घडणावळ फुकट म्हणून विकलेल्या पैंजणात चांदी शंभरात साठ असू शकते आणि पैसे मात्र अधिकचे घेतलेले असू शकतात. हे कळते ते वर्षांनी, मोडीत घालताना, जसे आमच्या मैत्रिणीला कळले. ‘जर्मन सिल्व्हर’ नावाच्या धातूत तर चांदी औषधालाही नसते. ते तांबे, जस्त आणि निकेल. (जाता जाता भाषेच्या प्राध्यापकांची एक कुरकुर: काळपट झाकेच्या ज्या दागिन्यांना सगळे ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणतात, त्यांच्यावरचा काळेपणा ऑक्सिजनचा नसून गंधकाचा असतो. असो.) सोन्याला हॉलमार्क २०२१च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीच्या प्रत्येक डागाला ओळखक्रमांक देणारी पद्धत १ सप्टेंबर २०२५ रोजी आली, तीही ऐच्छिक म्हणून. सोनाराला लबाड म्हणणाऱ्या म्हणी आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. त्याची मजुरी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाविषयीची म्हण आम्ही अजून शोधत आहोत.

एम.ए.ला असताना आमच्या वसतिगृहात हुपरीची एक मैत्रीण होती. हुपरी कोल्हापूरजवळ, हातकणंगले तालुक्यात. चांदीचे गाव म्हणून प्रसिद्ध. एका रविवारी तिच्या घरी जेवायला गेलो. गल्लीत घराघरांच्या ओसरीवर बायका मांडीवर पाट घेऊन पैंजणाला घुंगरू जोडत बसल्या होत्या. त्या बोलत होत्या, मुलांना ओरडत होत्या, भाजी निवडायला उठत होत्या, आणि पुन्हा बसत होत्या. आम्हांला ते चित्र फार रम्य वाटले. परत आल्यावर आमच्यातल्या एकीने त्यावर कविता लिहिली, जिच्यात रुणझुण हा शब्द तीनदा होता. त्या बायकांना नगाला काय मिळते, हे आम्ही विचारले नाही. मैत्रिणीच्या आईने न विचारता सांगितले, कारण आम्ही कौतुक करीत होतो आणि तिला ते ऐकवत नव्हते. आकडा आता आठवत नाही; तो ऐकून आम्ही गप्प झालो होतो हे आठवते. पुढे आग्रा, राजकोट, सेलम इथला यंत्रावरचा माल बाजारात अधिकाधिक येत गेला. रुणझुण करणाऱ्या कवितेत यांपैकी काहीच नव्हते. सुदैवाने ती छापून आली नाही.

आता ज्या वक्त्यांनी आमच्याकडे बोट केले, त्यांना आमचा प्रतिप्रश्न असा. समोरच्या तासिकावाल्या प्राध्यापकाची घडणावळ कोण देतो? त्याला मिळते ते तासाचे मानधन, आणि आठवड्याच्या तासांना वरून मर्यादा. तास म्हणजे वर्गात उभे राहण्याचा तास. त्याआधीचे वाचन, त्यानंतरची वह्या-प्रकल्पांची तपासणी, नॅकच्या फायली, युवा महोत्सवाची तालीम, प्रवेशाच्या दिवसांत गावोगाव फिरणे, हे सारे ग्रॅममध्ये बसत नाही म्हणून मोजले जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५० हजार असे मार्गदर्शक मान सांगितले. महाराष्ट्रातला प्रत्यक्ष दर त्याच्या खालीच राहिला. आणि मग अशा माणसाला बोलावून सांगायचे की, बाबा रे, तू छंद जोपास.

परिणाम तोच होतो जो चांदीत होतो. न दिलेली घडणावळ टंचातून निघते. आम्ही दुसऱ्यांविषयी बोलत नाही, स्वतःविषयीच सांगतो. गेल्या वर्षी लग्नसराईत जोडव्यांची आणि बाळाच्या वाळ्यांची मागणी बऱ्यापैकी आली. त्या सहा आठवड्यांत आमच्यातल्या तासिकावालीने बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मध्ययुगीन वाङ्मयाचा अख्खा घटक आठ वर्षांपूर्वीच्या टिपणांवरून सांगितला. रात्री दीडपर्यंत कानस चालवून सकाळी महानुभाव गद्यावर ताजे काय बोलणार? मुलांनी तक्रार केली नाही. त्यांना टंच कळत नाही. चांदीच्या भावाने त्यांनी पितळ घेतले आणि आभार मानून गेली. बाजारात मिळणारी गाइडे, झेरॉक्सच्या दुकानातली टिपणे, कापून चिकटवलेले प्रबंध यांच्या नावाने आमचे ज्येष्ठ समीक्षक दर दिवाळीला गळा काढतात. हा सारा साठ टंचाचा माल आहे. तो कुठल्या हिशोबातून तयार होतो, ते आम्ही वर मांडले आहे.

याला दोन उत्तरे दिली जातात. एक असे की, जोडधंदा आपल्या मातीतच आहे. शेतकरी शेळ्या पाळतो, कोंबड्या पाळतो, त्याची बायको गोधड्या शिवते; त्यात रडण्यासारखे काय? आम्हांला जोडधंदा हा शब्द प्रिय आहे, म्हणूनच त्याचा गैरवापर सहन होत नाही. जोड द्यायची तर आधी काहीतरी असावे लागते. शेताला जोड म्हणून शेळी. शेत काढून घेऊन शेळी हातात देणे याला जोड म्हणत नाहीत.

दुसरे उत्तर अधिक अवघड आहे, आणि ते आम्हांला वक्त्यांनी नव्हे, अण्णांनी दिले. पहिल्या वर्षी आम्ही घडणावळ घेत नव्हतो. लाज वाटायची. ‘चांदीचे तेवढे द्या, बाकी आमची हौस’, असे आम्ही स्वतःच म्हणायचो. म्हणजे ज्या शब्दावर आज तुटून पडतो आहोत तो आधी आमच्याच तोंडी होता. कायम नोकरीवालीला ते परवडत होते, कारण तिचा पगार तिच्या हौसेचा खर्च उचलत होता. दुसरीला परवडत नव्हते, पण मैत्रिणीपुढे बोलायचे कसे? अण्णा एकदा आमचे डूल हातात घेऊन उलटसुलट पाहत म्हणाले, ‘काम बरं जमलंय. पण मॅडम, तुम्ही घडणावळ घेत न्हाई म्हणल्यावर माझ्याकडं कोण देतंय?’

यावर आम्हांला उत्तर नव्हते. या माणसाने आम्हांला फुकट शिकवले, म्हणजे स्वतःची घडणावळ त्यानेही सोडली, आणि आम्ही त्याच्याच गिऱ्हाइकांना सवय लावली की हाताला मोल नसते. अण्णांच्या वडिलांच्या पिढीने सुवर्णनियंत्रण पाहिलेले. जानेवारी १९६३मध्ये चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी आली, पुढे १९६८चा कायदा आला, आणि १९९०मध्ये तो उठेपर्यंत कितीतरी सोनार हातोडा ठेवून दुसऱ्या कामाला लागले. तेव्हा सरकारने त्यांच्या पोटावर पाय दिला असे म्हणता येत होते. आता दोन सुशिक्षित बायका हौस म्हणून तेच करीत होत्या, आणि त्यांच्यावर टाळ्या पडत होत्या. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरींत सोनारही आहे; हत्यारांसाठी १५ हजार, स्वस्त कर्ज. अण्णांनी त्यासाठी अर्ज केला नाही. हत्यारे आहेत, म्हणाले, काम द्या.

म्हणून दुसऱ्या वर्षापासून आम्ही पावती बदलली. व्यवसाय तासिकावालीच्या नावावर आहे. कायम असलेलीला धंदा करायचा तर सेवाशर्तींप्रमाणे आधी परवानगी हवी, आणि ती मागण्याची हिंमत तिला अजून झालेली नाही. ती संध्याकाळी घासकाम करते, त्याचे तास लिहून ठेवते आणि पैसे घेत नाही. हेही आमच्याच युक्तिवादाला छेद देणारे आहे, हे आम्हांला कळते. त्यावर आमच्यात दर महिन्याला एकदा भांडण होते. पावतीवर मात्र सरळ तीन ओळी असतात: चांदी इतके ग्रॅम, टंच ९२५, घडणावळ इतके तास. तासाचा दर आम्ही अण्णांना विचारून ठरवला. ते जो सांगतील त्याच्या खाली जायचे नाही. साखळ्या आणि कानातले आकडे आम्ही तयार विकत घेतो, तेही पावतीवर लिहितो, कारण ‘संपूर्ण हस्तनिर्मित’ हा शब्द हल्ली जर्मन सिल्व्हरच्याच टंचाचा झाला आहे.

निम्मी गिऱ्हाइके गेली. एक बाई पावती वाचून म्हणाल्या, ‘सात तास? मग सावकाश केलं असेल.’ दुसऱ्या एकीने, जी स्वतः शिवणकाम करते, तास वाचले, मनातल्या मनात गुणाकार केला, डूल परत ठेवले आणि पंधरा दिवसांनी पैसे जमवून येऊन घेऊन गेली. तिने घासाघीस केली नाही. या उद्योगातून आमचा प्रपंच चालत नाही, हे इथे स्पष्ट नोंदवतो, म्हणजे पुढच्या कार्यशाळेत कोणी आमचे नाव घेणार नाही. उन्हाळ्याचे दोन महिने निघतात. लग्नसराई चांगली गेली तर तीन.

पण नाव घेतले गेलेच. गेल्या महिन्यात आणखी एका महाविद्यालयातून निरोप आला. ‘छंदातून उद्योजकतेकडे’ या विषयावर आमचे अनुभवकथन हवे आहे. येण्याजाण्याचे आपले आपण बघावे, पुष्पगुच्छ आणि प्रमाणपत्र देण्यात येईल, शेवटी सगळे आपलेच सहकारी आहेत. आम्ही होकार कळवला आणि सोबत पावती जोडली: भाषण एक तास, तयारी सहा तास, प्रवास चार तास, दर अण्णांचाच. टंचाच्या ओळीत काय लिहावे यावर आमच्यात थोडा वाद झाला. शेवटी ती रिकामी सोडली. उत्तर अजून आलेले नाही.